अकरा महिन्यांचें बिऱ्हाड

मराठींत घर आणि बिऱ्हाड असे दोन शब्द आहेत. त्यांतील अंतर ज्यानें बिऱ्हाडांत दिवस काढले त्यासच नीट कळतें. घर बांधावयाचें असतें, बिऱ्हाड करावयाचें असतें. घर वाडवडिलांचें; बिऱ्हाड विंचवाचें, पाठीवर घेऊन हिंडावयाचें. संस्कृत भाषेनें मात्र हा भेद केलेला नाहीं. ‘ग्रह्’ म्हणजे घेणें, या धातूपासून ‘गृह’ शब्द झाला. जें माणसाला आपल्या पोटांत घेतें तें गृह. मग तें विकतचें असो कीं भाड्याचें असो, व्याकरणाला त्याचें सोयरसुतक नाहीं. या शब्दाची आणखी एक मौज आहे. तो पुल्लिंगीं चालविला म्हणजे बहुवचनांतच चालतो. घर एकच असलें तरी ‘गृहाः’. शाळेंत तीस-पस्तीस वर्षें आम्हीं हें रूप मुलांकडून पाठ करवून घेतलें. घर कधींच एकट्याचें नसतें, हा त्याचा अर्थ मात्र वयाच्या सासष्टाव्या वर्षीं बिऱ्हाड शोधावयास निघालों तेव्हां अनुभवास आला.

निघण्याचें कारण हल्लीं पुण्यांतील पुष्कळ वाचकांच्या परिचयाचें झालें आहे. शहराच्या मध्यवस्तींत आमची दोन खोल्यांची सदनिका. इमारत चाळीस वर्षांची. तिचा पुनर्विकास ठरला. जुनी इमारत पाडून नवी उभी राहीपर्यंत तीन वर्षें बाहेर राहावयाचें आणि तेवढ्या मुदतीचें भाडें विकासकानें द्यावयाचें, असा करार झाला. चिरंजीव नोकरीनिमित्त बंगळुरास असतात. “तुम्ही दोघें इकडेच या,” असें त्यांनीं आग्रहानें म्हटलें. पण आमच्या कुटुंबाचें भजनी मंडळ पुण्यांत, आमच्या संस्कृतच्या दोन शिकवण्या पुण्यांत, आणि दोघांचेही डॉक्टर पुण्यांत. शेवटीं येथेंच कोठें तरी शांत आणि परवडेल अशा ठिकाणीं जागा पाहावी असें ठरलें. विकासकाकडून दरमहा मिळणारे अठरा हजार रुपये ही आमची मर्यादा. निवृत्तिवेतनास हात लावावयाचा नाहीं, असा कुटुंबाचा दंडक होता.

दोन महिन्यांत आम्हीं सतरा जागा पाहिल्या. या वयांत भाड्यानें जागा मागणें हें लग्नाच्या मुलीचें स्थळ पाहण्यासारखें आहे; आपण पाहावयास गेलों असें वाटतें, पण पाहिले जातों आपणच. एका गृहस्थांनीं आमचीं दोघांचीं वयें विचारलीं, मनांतल्या मनांत बेरीज केली आणि “कळवितों” म्हणाले. तें कळविणें अद्याप यावयाचें आहे. दुसऱ्या ठिकाणीं मालकांचा मुलगा मोकळा होता. तो म्हणाला, “काका, वाईट वाटून घेऊं नका. पण उद्यां तुम्हांला कांहीं झालें तर आम्ही कुणाकडे पाहायचें?” प्रश्न कठोर होता, पण खोटा नव्हता. तिसऱ्या ठिकाणीं भाडें बारा हजारच, खोल्या प्रशस्त; परंतु खिडकीखालीं मंगल कार्यालय. आमचें कुटुंब म्हणालें, “रोज कुणाचें तरी लग्न ऐकण्यापेक्षां आपलें बंगळूरच बरें.” अखेर एका जुन्या सहशिक्षकांच्या ओळखीनें सहकारनगरांतील एका बंगल्याचा वरचा मजला पाहण्यांत आला, आणि पाय तेथेंच थबकले.

या वस्तीचा थोडा पूर्वेतिहास सांगितल्यावांचून पुढची गोष्ट कळावयाची नाहीं. सहकारनगर हें पर्वतीच्या दक्षिणेस, तळजाईच्या टेकडीच्या पायथ्याकडे पसरलेलें आहे. पर्वतीवर नानासाहेब पेशव्यांनीं १७४९ सालीं देवदेवेश्वराचें मंदिर उभारलें. परंतु पर्वतीमागचा हा भाग त्यानंतर कितीतरी काळ शेतांचा आणि ओढ्यांचाच होता. वस्ती वाढली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. तें युद्ध १९४५ सालीं संपलें तेव्हां मुंबई-पुण्यांत घरांचा दुष्काळ पडलेला होता. युद्धकाळांत सिमेंट-लोखंड खाजगी बांधकामास मिळणें दुरापास्त झालें होतें. नोकरीसाठीं शहरांत येणाऱ्यांचा ओघ मात्र चालूच राहिला. त्यांत फाळणीनंतर निर्वासितांची भर पडली. पुढें १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि मुठेच्या कांठच्या पेठांतील वाडे पत्त्यांसारखे कोसळले. उघड्यावर आलेलीं कुटुंबें गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा नव्या वस्त्यांकडे वळलीं.

सहकारनगर हें नांवच या वस्तीची जन्मकथा सांगतें. एकट्याच्या पगारांत प्लॉट होत नसे, म्हणून दहा जणांनीं मिळून संस्था काढावयाची. या कल्पनेचा आपल्याकडील उगम मुंबईचा. गावदेवीस १९१५ सालीं सारस्वत सहकारी गृहरचना संस्था निघाली. रावबहादुर तालमकी यांचा तींत पुढाकार होता. जमीन व इमारती संस्थेच्या, आणि सभासद हे त्या संस्थेचे भाडेकरू. म्हणजे सर्व मिळून मालक आणि प्रत्येकजण भाडेकरू! ‘गृहाः’ या बहुवचनाचें याहून चांगलें उदाहरण आमच्या शिक्षकी पेशांत आम्हांस सांपडलें नव्हतें.

आमचा बंगला १९६४ सालचा. जोतें दगडी, फरशी शहाबादी, खिडक्यांस उभे गज, पुढें व्हरांडा आणि मागें आंबा, फणस व एक जुनी विहीर. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्ची. भाडें सोळा हजार. इतकें कमी कां, असें विचारतां मालकीणबाई म्हणाल्या, “लिफ्ट नाहीं, गाडीला जागा नाहीं, नळाचें पाणी सकाळींच येतें, आणि मला रात्रीं साडेदहानंतर जिन्यावर पाय वाजलेला चालत नाहीं.” या चारही उणिवा आमच्या वयास गुणच होते. पहांटे तळजाईच्या बाजूनें मोराची केका ऐकूं येते. दुपारीं एक ते चार वस्ती अशी निजते कीं पानगळ ऐकूं यावी. शांत वस्तीची परीक्षा आम्ही आतां अशी करतों: फेरीवाला आरोळी देतो तेव्हां ती शेवटच्या अक्षरापर्यंत समजते कीं नाहीं.

मालकीणबाई ब्याऐंशी वर्षांच्या, एकट्या, मुलगा परदेशीं. आम्ही त्यांस काकू म्हणतों, त्या आम्हांस मास्तर म्हणतात. पहिल्या आठवड्यांतच त्यांनीं सांगून टाकलें, “मास्तर, माणसें तुम्ही चांगलीं आहांत. पण कागद अकरा महिन्यांचा. बाराव्या महिन्यांत मी कुणाला ठेवीत नाहीं. आधींचीं तीन बिऱ्हाडें अशींच गेलीं.” बोलण्यांत राग नव्हता, एखादा नियम वाचून दाखवावा तसा स्वर होता. पुढें ओळख वाढली तेव्हां त्या नियमाचें मूळ कळलें.

त्यांचे सासरे निवृत्त कारकून. घर बांधतांना झालेलें कर्ज फिटावें म्हणून त्यांनीं तळमजल्याच्या मागच्या दोन खोल्या १९६५ सालीं चाळीस रुपयांनीं एका कुटुंबास दिल्या. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें १ सप्टेंबर १९४० रोजीं जागेचें जें भाडें होतें तेंच प्रमाण भाडें ठरविलें होतें. आणि त्या तारखेनंतर प्रथम भाड्यानें दिलेल्या जागेस पहिल्यांदा जें भाडें ठरलें तेंच प्रमाण. करवाढ सोडली तर त्यांत वाढ जवळजवळ नाहींच. चाळीसाचे चाळीसच राहिले. साखर, सिमेंट, गवंड्याची मजुरी सर्व वाढलें. चाळीस रुपये जागचे हलले नाहींत. कौलें गळूं लागलीं तेव्हां भाडेकरू म्हणे दुरुस्त करा, सासरे म्हणत कशांतून करूं? पुढें बोलणें बंद झालें. भाडें मनिऑर्डरीनें येऊं लागलें आणि “घेण्यास नकार” असा शेरा घेऊन परत जाऊं लागलें. मग कोर्ट. तीस वर्षें एका भिंतीच्या दोन बाजूंस दोन कुटुंबें राहिलीं, आणि हळदीकुंकवासही एकमेकींकडे गेलीं नाहींत.

ही गोष्ट ऐकतांना आम्हांस आमच्या लहानपणचा सदाशिव पेठेंतील वाडा आठवला. कारण तेथें आम्ही भिंतीच्या दुसऱ्या बाजूस होतों. वडिलांचा पगार तुटपुंजा, भाडें बारा रुपये. त्या बारा रुपयांच्या बळावर आम्ही चौघें भावंडें शाळेंत गेलों. पावसाळ्यांत माजघरांत पांच ठिकाणीं भांडीं ठेवावीं लागत, आणि कोणत्या भांड्यांत कोणता स्वर लागतो हें आम्ही मुलें ओळखत असूं. मालक दुरुस्ती करीत नाहींत म्हणून वडील चिडत. आणि बारा रुपयांत दुरुस्ती कशी व्हावी हेंही त्यांस मनांतून उमगत असे. कायद्यानें आमच्या डोक्यावरचें छप्पर राखलें, पण त्या छपराचीं कौलें राखावयास कोणी उरलें नाहीं. म्हणून या कायद्यास नुसता दोष देणें आम्हांस जमत नाहीं, आणि नुसती स्तुतीही करवत नाहीं.

काकूंच्या घरचा दुसरा अध्याय १९७३ सालचा. त्या वर्षीं कायदा दुरुस्त झाला, आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजीं जे केवळ परवानगीनें, म्हणजे लीव्ह अँड लायसन्सनें, राहत होते त्यांसही भाडेकरूचें संरक्षण मिळालें. राहणाऱ्यांस दिलासा मिळाला; पण ज्यांच्याकडे रिकामी खोली होती त्यांच्या मनांत भीति बसली. दिलेली जागा परत येत नाहीं, ही म्हण त्या काळांत घरोघर झाली. काकूंनीं व त्यांच्या यजमानांनीं १९७५ सालीं वरचा मजला चढविला तो मुलासाठीं. तोंपर्यंत भाड्यानें द्यावा तर भीति. म्हणून कुलूप लावलें. मुलगा शिकून परदेशीं गेला, यजमान वारले, आणि कुलूप तसेंच राहिलें. शहरांत माणसें जागेसाठीं वणवण करीत असतां पंचवीस वर्षांवर एक संपूर्ण मजला पारव्यांनीं भोगला. अशीं किती कुलुपें त्या काळीं या शहरांत असतील, याचा वाचकांनींच विचार करावा.

पुढें सर्वोच्च न्यायालयानेंही १९४० च्या पातळीवर गोठविलेलें भाडें न्याय्य नाहीं असा अभिप्राय दिला, आणि महाराष्ट्राचा नवा भाडेनियंत्रण कायदा १९९९ सालीं होऊन ३१ मार्च २००० पासून अंमलांत आला. त्यानें भाडेकरूच्या भाड्यांत दरसाल शेंकडा चार वाढ करण्याची मुभा मालकास दिली. आणि परवान्यानें राहणाऱ्याची मुदत संपली कीं जागा परत मिळण्याचा मार्गही सोपा केला. मुदतीनंतर जो जागा सोडीत नाहीं त्यास दुप्पट दरानें भरपाई द्यावी लागते. मात्र करार लेखी आणि नोंदलेला असला पाहिजे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि ती टाळल्यास त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊं शकतात.

हें सर्व आम्ही येथें विस्तारानें लिहितों याचें कारण अकरा हा आंकडा. तो आला कोठून? १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदविलाच पाहिजे. नोंदणीचा खर्च व खटाटोप टळावा म्हणून लोकांनीं बारांतला एक महिना कापला. परंतु महाराष्ट्रांत २००० सालापासून अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो. म्हणजे ज्या कारणासाठीं तो महिना कापला तें कारणच उरलें नाहीं; कापण्याची संवय तेवढी राहिली आहे. वस्तुतः साठ महिन्यांपर्यंतचा असा करार नोंदवितां येतो. घरीं यंत्र घेऊन माणूस येतो, अंगठ्याचे ठसे घेतो, आणि काम होतें.

शांत वस्तीबद्दल लिहितांना आणखी एक गोष्ट झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. आमचा एक जुना विद्यार्थी आतां माध्यमिक शाळेंत गणित शिकवितो. निर्व्यसनी, मितभाषी, पत्नी परिचारिका, एक लहान मुलगी. आम्ही जागा शोधीत होतों त्याच दिवसांत तोही याच भागांत शोधीत होता. एका ठिकाणीं सर्व ठरत आलें. मग मालकांनीं आडनांव विचारलें, आणि जागा कालच गेल्याचें सांगितलें. दोन दिवसांनीं त्याच जागेसाठीं दलालाचा आम्हांस फोन आला. “मालकांना आपल्यासारखींच माणसें हवीं आहेत,” असें तो म्हणाला. आम्हीं ती जागा पाहावयास गेलों नाहीं. त्यांत पराक्रम कांहीं नाहीं, कारण आमच्या नाकारण्यानें त्याला ती मिळाली नाहीं. तो आतां शहराच्या दुसऱ्या टोकास आमच्याहून पांच हजार अधिक भाडें देऊन राहतो आणि शाळेस दोन बसगाड्या बदलून येतो. ज्या मासिकाच्या वाचकांत आमच्यासारखीं आडनांवें पुष्कळ, तेथेंच हें लिहिणें आम्हांस योग्य वाटतें. नुसत्या आडनांवावर ज्या दारांनीं आम्हांस आंत घेतलें असतें, तीं दारें गणिताच्या एका चांगल्या शिक्षकास बंद होतीं. शांतता म्हणजे सारखींच माणसें, असा अर्थ आपण करूं लागलों तर ‘सहकार’ हा शब्द पाटीवरून पुसावा लागेल. काकूंनीं आडनांव विचारलें नव्हतें. विचारली होती ती फक्त जिना बंद करण्याची वेळ.

दुसरी सूचना व्यवहाराची. जागा स्वस्त असली म्हणजे ती कां स्वस्त आहे हें विचारावें, आणि ओढा किती दूर आहे हेंही विचारावें. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं आंबिल ओढ्यास पूर आला आणि अरण्येश्वर-सहकारनगर परिसरांत घरांत पाणी शिरलें, माणसें दगावलीं. आमचा बंगला उंचावर असल्यानें त्यास धक्का लागला नाहीं. परंतु उन्हाळ्यांत जागा पाहणाऱ्यास ओढा दिसत नाहीं, दिसतें तें फक्त कमी भाडें. शेजाऱ्यांस त्या रात्रींचें पाणी कोठपर्यंत आलें होतें हें विचारण्यास पैसे पडत नाहींत.

असो. दहावा महिना लागला. आमचें कुटुंब मुक्यानें डबे रिकामे करूं लागलें. बिऱ्हाड हलवावयाचें ठरलें कीं बायका बोलत नाहींत, आधीं वरच्या फळीवरचीं भांडीं खालीं काढतात. गच्चीवर तेलाच्या डब्यांत तिनें कढीलिंबाचें रोप लावलें होतें. जमिनींत लावलें नव्हतें, कारण अकरा महिन्यांत कढीलिंब जमीन धरीत नाहीं. त्या दिवसांत काकूंना एका रात्रीं चक्कर आली. वरून आम्ही उतरलों, डॉक्टर बोलाविले, कुटुंब दोन रात्रीं त्यांच्या खोलींत निजलें. परदेशांतील मुलाशीं फोनवर बोलणेंही आम्हीं केलें. “उद्यां तुम्हांला कांहीं झालें तर” हा प्रश्न आम्हांस ज्यानें विचारला होता त्याची आठवण झाली. तो प्रश्न मालकांसही लागू असतो, हें त्यास कोणी सांगितलें नव्हतें.

बऱ्या झाल्यावर काकूंनींच विषय काढला. “मास्तर, तुम्ही कायद्याचें वाचतां. अकरा महिन्यांवर कागद केला तर जागा जाते का हो?” आम्हीं त्यांस वर लिहिलेलें सर्व सावकाश समजावून सांगितलें. त्या लगेच मानल्या नाहींत, आणि तें योग्यच होतें. तीस वर्षांचें भय एका दुपारीं जात नसतें. त्यांनीं मुलास विचारलें, मुलानें एका वकिलास विचारलें, वकिलानें तेंच सांगितलें. मग छत्तीस महिन्यांचा करार झाला. आमच्या इमारतीस आणखी दोन वर्षें लागणार आहेत, आणि विकासकाचीं दोन वर्षें म्हणजे व्यवहारांत तीन, हें वाचकांस सांगावयास नको. दरवर्षीं शेंकडा पांच वाढ. आम्हांस आधीं जावयाचें झाल्यास दोन महिने अगोदर सूचना. रंगरंगोटी त्यांची, नळांची किरकोळ दुरुस्ती आमची. करार नोंदविला त्या संध्याकाळीं काकू कुटुंबास म्हणाल्या, “तें रोप आतां डब्यांत कशाला ठेवलंयस? विहिरीपाशीं लाव. मलाही दोन पानें होतील.”

या सर्वांतून आमच्या ध्यानांत एकच गोष्ट आली आहे. शांतता आणि माफक भाडें हे जमिनीचे गुण नव्हेत; माणसांनीं एकमेकांस दिलेल्या मुदतीचीं तीं फळें आहेत. जुन्या कायद्यानें एका पक्षास अनंत मुदत दिली, तेव्हां घर पडूं लागलें. अकरा महिन्यांच्या संवयीनें दुसऱ्या पक्षास मुदतच ठेवली नाहीं, तेव्हां शेजार पडूं लागला. दर वर्षीं पेटाऱ्या बांधणारा माणूस शेजाऱ्याचें नांव कशास लक्षांत ठेवील, आणि रात्रीं जिन्यावर पाय हळू कां टाकील? मोजकी पण पुरेशी मुदत असली कीं दोघांचाही जीव त्या जागेंत गुंततो, आणि मग भाडें वाढवावें किंवा बुडवावें असें दोघांनाही सहसा वाटत नाहीं.

ज्या वाचकांचे वरचे मजले अजून कुलुपांत आहेत त्यांस आमची एवढीच विनंति आहे कीं, जुनी भीति जुन्या कायद्याबरोबर ठेवावी. कागद नीट करावा, नोंदवावा, आडनांवाऐवजीं माणूस पाहावा, आणि मुदत तीन वर्षांची द्यावी. ज्यांस बिऱ्हाड करावयाचें आहे त्यांनींही ती मुदत मागण्यास संकोच करूं नये. नवी सदनिका तयार झाली कीं आम्ही येथून जाऊं, कढीलिंब राहील. पुढच्या बिऱ्हाडास तो कोणी लावला हें ठाऊक असण्याचें कारण नाहीं. फोडणीस पानें मिळालीं म्हणजे झालें.